रक्तवाहिनीचं अस्तर आणि त्याला होणारी इजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेलं चित्र येतं. एक नळ, त्यात साचलेला गाळ, आणि तो गाळ काढणारे डॉक्टर. इथे जमा केलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मागे हेच चित्र आहे. गेल्या पन्नासेक वर्षांच्या संशोधनाने ते पार मोडीत काढलं, तरी दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यांवर ते अजून ठाण मांडून बसलेलं आहे. म्हणून सुरुवात नळापासूनच करू.

रक्तवाहिनीचं अस्तर म्हणजे नेमकं काय?

महाधमनीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पदर असतो. चपट्या, एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या अंगणातल्या फरशीसारख्या दिसतात. या पदराला एंडोथेलियम म्हणतात. हे नाव १८६५ मध्ये विल्हेल्म हिस या स्विस शरीरशास्त्रज्ञाने दिलं. मोठ्या धमनीत या पदराबाहेर स्नायूचा जाड थर असतो. केशवाहिनीत मात्र जवळजवळ एवढंच असतं, म्हणजे अस्तर हीच वाहिनी.

ज्यांच्या घरी पितळेची पातेली होती त्यांना लगेच कळेल असं उदाहरण कल्हईचं. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. ताक तेच, पातेलंही तेच, गेला तो फक्त मधला पातळ थर. अस्तर खरवडलं गेलं की त्या जागी रक्ताचंही असंच होतं, ते गोठायला लागतं. पण हे उदाहरण इथपर्यंतच चालतं. कल्हई निर्जीव असते, आणि उडाली की कल्हईवाल्याची वाट बघावी लागते. हे अस्तर जिवंत आहे. ते रक्ताच्या प्रवाहाचा जोर ओळखतं, रसायनं बनवतं, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही ते ठरवतं, आणि बऱ्याचदा स्वतःची डागडुजी स्वतःच करतं.

एवढासा पदर करतो तरी काय?

रक्त पातळ, वाहतं ठेवतो. वाहिनी किती रुंद असावी ते बाहेरच्या स्नायूला सांगतो. पाणी, साखर, प्रथिनं किती झिरपू द्यायची ते ठरवतो. जंतुसंसर्ग झाला की आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करून पांढऱ्या पेशींना थांबवतो आणि आत शिरायला वाट देतो. आणि जखम झालीच तर रक्त गोठवायला मदतही तोच करतो. त्यासाठी लागणारं चिकट प्रथिन तो लांबट डब्यांत आधीच भरून ठेवतो. हे डबे एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पॅलाडे यांना १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसले. त्यांत काय असतं ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

थोडक्यात, रक्त न गोठू देणारा आणि गोठवणारा एकच. निरोगी असताना पारडं पहिल्या बाजूला झुकलेलं असतं. इजा झाली की ते दुसऱ्या बाजूला जातं. या विषयातलं बहुतेक संशोधन या पारड्याभोवती फिरतं.

हे सगळं कळलं कधी?

उशिरा, आणि एका चुकीमुळे. ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढची अर्धी उत्तरं तिच्यावर उभी आहेत.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रॉबर्ट फर्चगॉट हे औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून, त्या द्रावणात टांगून, कोणत्या औषधाने त्या आकसतात ते मोजत असत. एक कोडं त्यांना वर्षानुवर्षं छळत होतं. असिटिलकोलीन हे रसायन जिवंत प्राण्याला टोचलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. त्यांच्या पट्ट्या मात्र त्याच रसायनाने आकसायच्या. १९७८ मध्ये त्यांच्या सहायकाने औषधं ठरलेल्या क्रमाने न घालता वेगळ्याच क्रमाने घातली, आणि त्याच जातीच्या औषधाने धमनी चक्क सैलावली.

दुसरा कोणी असता तर प्रयोग फुकट गेला म्हणून त्याने ती नोंद खोडली असती. फर्चगॉट कारण शोधत बसले. कारण साधं निघालं. आजवर पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जात होती आणि अस्तर निघून जात होतं. या वेळी ते शाबूत राहिलं होतं. मग त्यांनी मुद्दाम अस्तर घासून बघितलं, सैलावणं बंद. अस्तर काढलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून टांगली, तेव्हा बोडकी पट्टीही सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होतं आणि शेजारच्या स्नायूला ‘ढिला हो’ म्हणत होतं. जॉन झवाड्झ्की या सहकाऱ्यासह त्यांनी हे १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं.

ते ‘काहीतरी’ काय, यावर पुढची सहा-सात वर्षं जगभर चढाओढ लागली. १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नॅरो या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं की तो नायट्रिक ऑक्साइड असावा. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या साल्वादोर मोन्काडा यांच्या गटाने तो अस्तराच्या पेशींतून बाहेर पडताना मोजून दाखवला. गाड्यांच्या धुरात सापडणारा, काही सेकंदांत नाहीसा होणारा वायू आपल्या धमन्यांत दूताचं काम करतो, हे पचवायला अनेकांना जड गेलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि फेरीद मुराद यांना मिळालं. नायट्रोग्लिसरीनमधून हाच वायू सुटतो, हे मुराद यांनी सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं. मोन्काडा यादीत नव्हते, आणि ते का नव्हते यावर तेव्हा बरीच धुसफुस झाली. माझ्या मते ती रास्त होती.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवून श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या काळात छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं होतं. १८९६ मधल्या एका पत्रात दैवाच्या या थट्टेविषयी त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. आपल्याकडे आजोबांच्या खिशात असणारी, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी त्याच कुळातली. आजारी अस्तराला पुरेसा वायू बनवता येत नाही, म्हणून तो बाहेरून पुरवायचा, एवढाच तिचा अर्थ.

इजा कशाने होते?

तंबाखू, चढा रक्तदाब, चढी साखर, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, दीर्घकाळ धुमसणारी सूज, हवेतले बारीक धूलिकण. यादी पाठ असते सगळ्यांना. सगळ्यांच्या मागची यंत्रणा मात्र बरीचशी सारखी आहे. या सगळ्यांमुळे पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात. ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतात, आणि त्या दोघांतून तयार होणारा तिसरा रेणू आणखीच विषारी असतो. पुढे तर नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच बिघडतं आणि स्वतः उपद्रवी रेणू तयार करू लागतं. राखणदारच चोरांना सामील.

इथे ‘इजा’ या शब्दाचा अर्थही बदलत गेला, ते लक्षात घ्यायला हवं. सिॲटलचे रसेल रॉस यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की अस्तर सोलून निघतं, त्या जखमेला धमनी प्रतिसाद देते आणि त्यातून प्लाक म्हणजे चरबीचा फुगवटा तयार होतो. नंतर प्राण्यांच्या धमन्या बारकाईने तपासल्यावर दिसलं की सुरुवातीच्या प्लाकवर अस्तर जागच्या जागी असतं. सोललेलं नसतं, पण वागणं बिघडलेलं असतं. ते कोलेस्टेरॉलचे कण आत जाऊ देतं आणि पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं. रॉस यांनी आपली मांडणी स्वतःच सुधारली आणि १९९९ मध्ये या रोगाला सरळ दाहाचा, म्हणजे धुमसणाऱ्या सुजेचा, आजार म्हटलं. स्वतःचाच गाजलेला सिद्धांत दुरुस्त करणारे शास्त्रज्ञ मला नेहमीच जास्त आवडत आले आहेत.

कोलेस्टेरॉल तर सगळ्या शरीरात सारखंच फिरतं. मग ब्लॉकेज ठरावीक जागीच का?

फार चांगला प्रश्न. नळाच्या चित्राला याचं उत्तर देता येत नाही.

सरळ धमनीत रक्त एका दिशेने, शिस्तीत वाहतं. तिथल्या अस्तराच्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन झोपलेल्या दिसतात, वाऱ्याने एका बाजूला कललेल्या भातासारख्या. प्रवाहाचं हे सततचं घासणं त्यांना मानवतं. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड बनत राहतो आणि दाह दबलेला राहतो. धमनी जिथे दुभंगते, म्हणजे मानेतल्या कॅरोटिडचा फाटा किंवा हृदयाच्या धमन्यांची वळणं, तिथे रक्त घुटमळतं, मागेपुढे होतं. तिथल्या पेशी गोलसर, अस्ताव्यस्त असतात आणि त्यांच्यातली दाहाची जनुकं जागी असतात. प्लाक नेमका तिथेच सापडतो. व्यायामाने अस्तर सुधारतं म्हणतात, त्यामागे हेच मोठं कारण: चालताना रक्ताचा वेग वाढतो आणि पेशींना हवं ते घासणं मिळतं.

अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी आईच्या छातीत दुखतं. तिला काहीच झालेलं नाही का?

‘मनाचं दुखणं’ म्हणून मोडीत काढू नका. अँजिओग्राफीत फक्त मोठ्या धमन्यांचा आतला पोकळ भाग दिसतो. अस्तर कसं वागतंय ते दिसत नाही, आणि बारीक वाहिन्या तर दिसतच नाहीत. १९८६ मध्ये बॉस्टनच्या एका गटाने रुग्णांच्या हृदयधमनीत थेट असिटिलकोलीन सोडून पाहिलं. निरोगी धमन्या रुंदावल्या, रोगट धमन्या उलट आकसल्या. फर्चगॉटची घासलेली पट्टीच जणू जिवंत माणसात दिसली.

बारीक वाहिन्यांच्या अशा बिघाडाने होणारं छातीचं दुखणं स्त्रियांमध्ये जास्त आढळतं. स्कॉटलंडमध्ये २०१८ साली जाहीर झालेल्या एका चाचणीत अशा रुग्णांच्या धमन्यांची कामगिरी मोजून त्याप्रमाणे औषधं दिली, तेव्हा त्यांचं दुखणं आणि रोजचं जगणं सुधारलं. आपल्याकडे ही तपासणी मोजक्याच ठिकाणी होते. तरी हृदयरोगतज्ज्ञांना ‘बारीक वाहिन्यांचा किंवा धमनी आकसण्याचा त्रास असू शकतो का?’ असं स्पष्ट विचारा.

अस्तर बिघडलंय का, ते बघायची तपासणी आहे का?

आहे, पण संशोधनापुरती. १९९२ मध्ये लंडनच्या डेव्हिड सेलरमायर आणि जॉन डीनफील्ड यांच्या गटाने सोनोग्राफीची सुटसुटीत पद्धत मांडली. बीपीचा पट्टा हातावर पाचेक मिनिटं घट्ट आवळून ठेवायचा, मग सोडायचा. हातात एकदम रक्ताचा लोंढा येतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, धमनी काही टक्के रुंदावते. ती किती रुंदावली ते मोजायचं. धूम्रपान करणाऱ्या तरुणांत आणि वारशाने कोलेस्टेरॉल चढं असलेल्या मुलांत ही रुंदी कमी भरली, म्हणजे प्लाक दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी. हा शोध मोठाच होता.

अडचण अशी की हा आकडा फार चंचल आहे. सकाळी चहा घेतलात का, झोप झाली का, खोली थंड होती का, सोनोग्राफी करणाऱ्याचा हात किती स्थिर आहे, सगळ्यानेच तो हलतो. शंभर माणसांची सरासरी काढायला उत्तम, एका माणसाला निकाल सांगायला कच्चा. त्यामुळे ‘एंडोथेलियल स्कोअर’ वगैरे नावाने महागडं पॅकेज कोणी विकत असेल तर माझं मत सरळ आहे, पैसे वाचवा. त्यापेक्षा लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची साधी तपासणी करून घ्या. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांची चाळण, जिचा एक पदर हे अस्तरच असतं, ढिली झाली की अल्ब्युमिन झिरपू लागतं. मधुमेह असेल तर ही तपासणी दर वर्षी व्हायलाच हवी.

मधुमेहात डोळे आणि मूत्रपिंडंच का जातात?

शरीरातल्या बऱ्याच पेशी रक्तात साखर वाढली तरी आत किती घ्यायची ते आवरतात. अस्तराच्या पेशींना ते नीट जमत नाही. बाहेर वाढली की आतही वाढते. जिथे अतिशय बारीक वाहिन्यांचं दाट जाळं आहे तिथे त्याचे परिणाम आधी दिसतात. डोळ्यातल्या पडद्याच्या केशवाहिन्यांना बाहेरून धरून बसणाऱ्या आधारपेशी आधी मरतात, मग वाहिन्या फुगतात, गळतात, बंद पडतात. उपाशी पडदा नवीन वाहिन्यांसाठी एक रसायन सोडतो, त्यातून ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि रक्तस्राव होतो. डोळ्यात दिलं जाणारं इंजेक्शन त्या रसायनाला अडवतं.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मोठ्या चाचणीचे निकाल १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत डोळे-मूत्रपिंडांचं नुकसान बरंच कमी झालं. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी फरक पुढे वर्षानुवर्षं टिकून राहिला. पेशी जुने दिवस लक्षात ठेवतात असं दिसतं. कसं, यावर अजून काम चालू आहे.

डेंगीत प्लेटलेट वाढवायला पपईच्या पानांचा रस द्यावा का?

हा प्रश्न अस्तराच्या पानावर का, असं वाटेल. पण दर पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी जो आजार प्लेटलेटच्या आकड्यावर मोजला जातो, त्यातला खरा घातक भाग बहुतेकदा अस्तराच्या गळतीचा असतो.

डेंगीचा विषाणू एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. हो, तेच, रिपोर्टवर ‘एनएस-१ पॉझिटिव्ह’ म्हणून छापलेलं असतं ते. बरीच वर्षं त्याला केवळ निदानाची खूण समजत. २०१५ मध्ये दोन संशोधनगटांनी दाखवलं की हे प्रथिन स्वतःच अस्तराला गळकं करतं. अस्तराच्या आतल्या बाजूला साखरेच्या रेणूंची मऊ लव असते, शेवाळासारखी. एनएस-१ मुळे ती लव झडते, पेशींमधले सांधे ढिले होतात, आणि रक्तातलं पाणी व प्रथिनं छातीत, पोटात झिरपतात. रक्त दाट होतं. रिपोर्टवर हिमॅटोक्रिट, ज्याला पीसीव्ही म्हणतात, तो चढताना दिसतो.

गंमत नव्हे, धोका असा की हे ताप उतरताना घडतं, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे म्हणतात ताप गेला, सुटलो. आणि पेशंट त्याच वेळी घसरतो. पोटात जोराने दुखणं, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणं: यातलं काहीही दिसलं तर रात्र उलटू न देता दवाखाना गाठा. गळती साधारण एक-दोन दिवस टिकते आणि मग झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं. म्हणून ‘अजून एक बाटली लावा’ असा आग्रह डॉक्टरांना करू नये. परतीच्या वेळी जास्तीचं सलाइन फुप्फुसात साचतं. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या मापात. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनच्या वाटेला जाऊ नका.

पपईचा रस? तो गळती थांबवत नाही. उलट्या होणाऱ्या लेकराला तो कडू रस बळेच पाजू नये, एवढं नक्की.

कोविडनंतर तरुणांना झटके येतात, त्याचा याच्याशी संबंध?

एप्रिल २०२० मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी मृत रुग्णांच्या वाहिन्यांच्या अस्तरात दाह आणि विषाणूसारखे कण दिसल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. विषाणू अस्तराच्या पेशीत खरोखर शिरतो का, यावर नंतर बराच वाद झाला. दाहामुळे अस्तर रक्त गोठवणाऱ्या बाजूला झुकतं आणि गंभीर कोविडमध्ये बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, याबद्दल मात्र फारसा वाद नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रत्येक आकस्मिक मृत्यूचं खापर त्यावर फोडणं ही वेगळीच गोष्ट.

गरोदरपणात बीपी वाढणं हासुद्धा अस्तराचाच आजार?

प्रीएक्लॅम्प्सिया, हो. आणि या विषयातली ही सर्वांत देखणी उकल आहे.

वार (प्लासेंटा) बाहेर आली की आजार ओसरतो, म्हणजे मूळ वारेत आहे, हे दाई-सुईणींच्या काळापासून ठाऊक. पण त्रास आईच्या मूत्रपिंडात, मेंदूत, यकृतात का? तेव्हा बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की आजारी वार एक प्रथिन आईच्या रक्तात भरमसाट सोडते. अस्तराला ठणठणीत राहायला जे पोषक रसायन लागतं, ते हे प्रथिन वाटेतच पकडून ठेवतं. उपाशी अस्तर आकसतं, गळतं. गाभण उंदरिणींना हे प्रथिन दिलं तेव्हा त्यांचंही बीपी चढलं आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागलं. विशेष म्हणजे कर्करोगात हेच पोषक रसायन अडवणारं औषध देतात, त्या रुग्णांतही बीपी चढतं आणि लघवीत प्रथिन येतं. दोन वेगळ्या वॉर्डांतल्या कोड्यांचं उत्तर एकच.

याचा उपयोग आज होतो. हे प्रथिन मोजणारी रक्ततपासणी अनेक देशांत वापरात आहे. जोखीम जास्त असणाऱ्या स्त्रियांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलेल्या युरोपातल्या चाचणीत (२०१७) ३७ आठवड्यांआधी बळावणारा आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. स्वतःहून घेऊ नका. कोणाला द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. बाळंतपणानंतर मात्र विसरू नका. असा आजार झालेल्या स्त्रीला पुढे हृदयविकाराची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते, आणि आपल्याकडे बारशानंतर तिचं बीपी कोणी मोजत नाही.

सिकलसेलमध्ये रक्तपेशी वाकड्या होतात. त्यात अस्तराचा काय दोष?

विदर्भात, नंदुरबारकडे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ‘वाकडी पेशी अडकते’ एवढंच सांगितलेलं असतं. पण त्या पेशी अस्तराला चिकटतात म्हणून अडकतात. फुटलेल्या पेशींतून सुटं हिमोग्लोबिन रक्तात येतं, ते नायट्रिक ऑक्साइड गिळतं, वाहिन्या आकसतात, अस्तर आणखी चिकट होतं, आणि कळा सुरू होतात. चिकटण्याचा एक रेणू अडवणारं क्रिझॅन्लिझुमॅब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पहिल्या चाचणीत कळा बऱ्याच कमी झाल्या होत्या. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही आणि २०२३ मध्ये युरोपने मंजुरी काढून घेतली. यंत्रणा बरोबर असूनही औषध फसू शकतं. हायड्रॉक्सीयुरिया ही जुनी, स्वस्त गोळी अजून भरवशाची आहे. ती बंद करू नका.

स्टेंट बसवल्यावर दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कशाला?

स्टेंट म्हणजे रक्ताच्या लेखी परकी धातूची जाळी. अस्तर तिच्यावरून वाढून तिला झाकेपर्यंत गुठळीची भीती असते. औषधी स्टेंटवरचं औषध वाहिनी पुन्हा चोंदू नये म्हणून पेशींची वाढ रोखतं, आणि त्याच झटक्यात अस्तराची वाढही मंदावते. (यातलं पहिलं औषध, सिरोलिमस, ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, आणि ते पुढे आणणारे सुरेन सेहगल फाळणीपूर्व भारतात जन्मलेले.) म्हणून गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने. दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने बंद केल्या, असं करू नका.

ॲस्पिरिन इतक्या कमी मात्रेत का चालतं, तेही याच ओघात. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ॲस्पिरिनने निकामी केलेलं तिचं एन्झाइम ती नव्याने बनवू शकत नाही; आठ-दहा दिवसांच्या तिच्या आयुष्यभरासाठी ते गेलं. अस्तराची पेशी तेच एन्झाइम पुन्हा बनवते. त्यामुळे छोटी गोळी गुठळी करणाऱ्याला नमवते आणि गुठळी रोखणाऱ्याला मोकळं सोडते.

खराब झालेलं अस्तर परत येतं का?

छोटी जागा उघडी पडली तर शेजारच्या पेशी सरकून, विभागून ती भरतात. १९९७ मध्ये ताकायुकी असाहारा आणि जेफ्री इस्नर यांनी रक्तात फिरणाऱ्या, अस्तर बनवू शकणाऱ्या पूर्वपेशी सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा खूप आशा पालवल्या. पुढे कळलं की त्या नावाखाली मोजल्या गेलेल्या बऱ्याच पेशी प्रत्यक्षात पांढऱ्या पेशींच्या घराण्यातल्या होत्या. मदत करत असतील, स्वतः अस्तर होत नव्हत्या. ‘स्टेम सेलने धमन्या नव्या करू’ अशी जाहिरात दिसली तर हे आठवा.

अस्तरासाठी कोणती पावडर, कॅप्सूल घ्यावी?

नायट्रिक ऑक्साइड एल-आर्जिनिनपासून बनतो, मग तेच खावं, हा विचार वरकरणी बिनतोड. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर चाचणी झाली. आर्जिनिनच्या गटात सहा जण दगावले, दुसऱ्या गटात कोणीच नाही. चाचणी थांबवावी लागली. हे २००६ मध्ये छापून आलं, आणि जिमच्या दुकानात ते अजून विकलं जातं. व्हिटॅमिन ईचीही मोठी चाचणी २००० साली निष्फळ ठरली.

बीटचं प्रकरण जरा बरं आहे. त्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जिवाणू रूपांतर करतात आणि शेवटी नायट्रिक ऑक्साइड बनतो. लंडनमध्ये २००८ साली निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटरस दिल्यावर वरचं बीपी काही तासांपुरतं दहाएक अंकांनी उतरलं. जंतुनाशक माउथवॉशने जिभेवरचे जिवाणू मारले की हा परिणाम मावळतो. कोशिंबीर खा की, कोण नको म्हणतंय. बीपीची गोळी मात्र चालू ठेवा. मिश्री, गुटखा, बिडी सोडणं आणि रोज घाम येईल इतकं चालणं यांच्या तोडीची कॅप्सूल कोणाकडेही नाही.

प्रयोगासाठी या पेशी आणतात कुठून?

बाळाच्या नाळेतून. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एरिक जाफी आणि सहकाऱ्यांनी नाळेतल्या शिरेतून अस्तर सोडवून ते काचेच्या भांड्यात वाढवून दाखवलं. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा याच पेशींवर जगतात. आपल्याकडे नाळ पुरायची रीत, ‘तुझी नाळ इथे पुरलीय का’ असं विचारायची पद्धत. तिकडे ती नाळ बर्फात ठेवून घाईघाईने प्रयोगशाळेत पोचवतात.

त्रुटीही समजून घ्या. त्या नवजात बाळाच्या, त्याही शिरेच्या पेशी. साठीतल्या तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या धमनीबद्दल त्या किती सांगणार? शिवाय भांड्यातलं द्रव स्थिर असतं, आणि प्रवाहाशिवाय या पेशी वेगळ्याच वागतात हे वर आलंच आहे. म्हणून आता बोटभर लांबीच्या पारदर्शक चिपमध्ये बारीक नळ्या कोरून, त्यांत माणसाच्या पेशी वाढवून, वरून द्रव वाहता ठेवतात. बेल्जियममधल्या एका गटाने २०२० मध्ये उंदराच्या अकरा ऊतींतल्या अस्तराच्या पेशी एकेक करून वाचल्या. मेंदूतल्या, यकृतातल्या आणि स्नायूतल्या पेशींची जनुकं वेगवेगळी चालतात असं दिसलं. तेव्हा पुढच्या वेळी ‘अस्तर सुधारतं’ अशी बातमी वाचाल तेव्हा आधी विचारा: कोणाचं? उंदराचं की माणसाचं, भांड्यातलं की अंगातलं?

अशा संशोधनात मला भाग घेता येईल का?

येईल. भारतातल्या औषधचाचण्यांची नोंद आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत असते. ती २००७ पासून आहे, आणि कोणालाही घरबसल्या शोधता येते. जिथे बोलावलं जाईल तिथे तीन गोष्टी मागा: चाचणीचा सीटीआरआय क्रमांक, नैतिकता समितीची मान्यता, आणि मराठीतलं संमतिपत्र, तेही घरी नेऊन सावकाश वाचायला. भाग घेण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले, तर सही न करता उठून या.